समुद्रतळाचा सामाईक सातबारा

आमच्या कळंब तालुक्यात दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. धुऱ्यावरून सख्खे भाऊ बोलेनासे होतात, मोजणीचे अर्ज पडतात, तहसील ते कोर्ट खेटे सुरू होतात. त्याच गावांत सामाईक विहिरीही आहेत. सातबाऱ्यावर त्यांची नोंद असते, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात आणि बहुतेक वर्षे निभावून जातात. एक मालमत्ता भांडण लावते आणि दुसरी का चालते, या प्रश्नाचा माग काढताना मी हिंदी महासागराच्या तळाशी पोहोचलो. तिथे मॉरिशस आणि सेशेल्स या दोन द्वीपराष्ट्रांनी सुमारे ३,९६,००० चौरस किलोमीटर समुद्रतळ न वाटता सामाईक ठेवला आहे. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे, यावरून आकाराची कल्पना यावी.

मॉरिशस आपल्याला परके नाही. १८३४ पासून तिथल्या उसाच्या मळ्यांवर भारतातून करारबद्ध मजूर नेले गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, सातारा भागांतली मराठी कुटुंबे होती. त्यांच्या वंशजांनी गणपती इतका जपला की गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. चिंतामणीच्या कळंबात राहणाऱ्याला एवढी ओळख पुरेशी आहे.

या दोन देशांचा जुना इतिहास एकाच घरातला आहे. दोन्ही बेटसमूह आधी फ्रेंचांकडे होते. १८१० मध्ये इंग्रजांनी मॉरिशस जिंकले आणि १८१४ च्या पॅरिस तहाने दोन्हींवर त्यांचा ताबा पक्का झाला. सेशेल्सचा कारभार मॉरिशसमधूनच चाले. १९०३ मध्ये ती स्वतंत्र वसाहत झाली. १९६५ मध्ये इंग्रजांनी मॉरिशसपासून छागोस बेटे तोडली आणि सेशेल्सची अल्दाब्रा, फार्कुहार, देरोश ही बेटेही त्याच नव्या प्रदेशात घातली. मॉरिशस १९६८ मध्ये आणि सेशेल्स १९७६ मध्ये स्वतंत्र झाले. सेशेल्सला तिची बेटे परत मिळाली, मॉरिशसचा छागोसचा वाद मात्र पुढे कित्येक दशके चालला. वरच्याने नकाशावर रेघ ओढली की काय होते, याचा अनुभव दोघांनाही होता.

या दोन देशांदरम्यान समुद्राखाली मास्कारीन पठार पसरले आहे. त्यावरचा साया दे माल्हा हा उथळ भाग जगातल्या सर्वांत मोठ्या सागरी गवताळ कुरणांपैकी एक मानला जातो. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानुसार किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा समुद्रतळ त्या देशाचा असतो. त्यापलीकडेही समुद्रबूड जमीन सलग गेली असल्याचे शास्त्रीय पुराव्याने दाखवले, तर जास्तीचा हक्क मिळतो. हा पुरावा तपासायला संयुक्त राष्ट्रांकडे २१ तज्ज्ञांचा आयोग आहे.

खरी मेख इथेच आहे. हा आयोग शेजाऱ्यांचे वाद सोडवत नाही. जागा वादग्रस्त असेल, तर सर्व पक्षांची संमती असल्याशिवाय तो दावा विचारातच घेत नाही. त्यात दावे दाखल करण्याची मुदत मे २००९ ला संपत होती. आधी धुरा ठरवायला बसले असते, तर दोघांचीही जमीन लटकली असती. म्हणून १ डिसेंबर २००८ रोजी त्यांनी एकत्र दावा दाखल केला. मार्च २०११ मध्ये आयोगाने तो मान्य केला. १३ मार्च २०१२ रोजी मॉरिशसमधील वाकोआ येथे दोन करारांवर सह्या झाल्या: एक सामाईक हक्काचा, दुसरा सामाईक कारभाराचा. त्याच वर्षी जूनमध्ये ते अंमलात आले. कारभाराला तीन पायऱ्या आहेत: वर मंत्र्यांची परिषद, मध्ये धोरण ठरवणारा संयुक्त आयोग आणि खाली रोजचे काम पाहणारे प्राधिकरण. तेल किंवा वायू निघाल्यास उत्पन्न निम्मे निम्मे.

१९७० च्या दशकात इथे चाचणीच्या विहिरी खणल्या गेल्या होत्या, पण काढण्याजोगे तेल लागले नव्हते. वाटणी ठरली तेव्हा वाटायला हातात काहीच नव्हते. माझ्या मते करार जमला तो त्यामुळेच. पीक उभे राहिल्यावर धुरा मोजायला गेले की काठ्या निघतात.

उलटे उदाहरण तिमोर समुद्राचे. ११ डिसेंबर १९८९ रोजी ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्या समुद्रावरून उडणाऱ्या विमानात तिथल्या तेलाच्या सामाईक वापराचा करार केला. पूर्व तिमोर तेव्हा इंडोनेशियाच्या लष्करी ताब्यात होता. तिमोरच्या लोकांना कोणी विचारले नाही. २००२ मध्ये ते स्वतंत्र झाले आणि सगळे पुन्हा मांडावे लागले. कायमची सागरी सीमा ठरायला २०१८ साल उजाडले. खऱ्या हक्कदाराला वगळून केलेली सामाईकी टिकली नाही.

आपल्या जिल्ह्यालाही हे ठाऊक आहे. दक्षिण सीमेवरच्या पैनगंगेच्या पाण्याबाबत महाराष्ट्र आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशात १९७५ मध्ये करार झाला. दोन सरकारे बसली; ज्यांची गावे पाण्याखाली जाणार होती, त्यांचा विरोध नंतर उभा राहिला. अर्धे शतक उलटले तरी निम्न पैनगंगा धरण पूर्ण झालेले नाही.

मास्कारीनची कसोटीही अजून व्हायची आहे. करार फक्त तळाचा आहे. वरचे पाणी सर्वांसाठी खुले असून तिथे दूरदेशीच्या मासेमारी नौका येतात. उद्या तेल लागलेच, तर निम्मे निम्मे हा शब्द दोन्ही राजधान्या पाळतील का, आणि त्या गवताच्या कुरणाची बाजू कोण मांडेल, हे तेव्हाच कळेल. पण दोघांनी पहिले पाऊल योग्य क्रमाने टाकले: आधी हक्क एकत्र मिळवला, मग कारभार बांधला आणि लाभाचा हिशेब लाभ दिसण्याआधीच लिहून ठेवला. सामाईक विहीर चालते ती भावांच्या प्रेमावर नव्हे. पाणी लागण्याआधी पाळ्या ठरलेल्या असतात आणि पाळीत प्रत्येकाचे नाव असते, म्हणून ती चालते.