सुटा सूर मागविताना
पायपेटीपासून विजेच्या पियानोपर्यंत सुट्या भागांची कहाणी

कोणत्याही वाद्याचा इतिहास लिहावयास घेतला म्हणजे लेखणी स्वाभाविकपणे दोघांकडे वळते. एक, ते वाद्य प्रथम घडविणारा कारागीर; दुसरा, ते लोकांपुढे गाजविणारा वादक. या दोघांच्या मध्ये आणखी एक माणूस उभा असतो आणि त्याचे नाव सहसा कोठेच येत नाही. तो म्हणजे बिघडलेले वाद्य उघडून, त्यातला कोणता भाग गेला हे ओळखून, तो कोठून तरी मागवून पुन्हा बसविणारा दुरुस्तीवाला. त्याच्या हाताखालून गेलेल्या सुट्या भागांचाही एक इतिहास आहे. पॅरिस, लंडन, मुंबई, पालिताणा असा फिरत तो महाड-पोलादपूरच्या डोंगरातील भजनी मंडळांपर्यंत आणि आपल्या चर्चमधील गायनवृंदाच्या कट्ट्यापर्यंत येऊन पोहोचतो.

पेटी हे आपले वाद्य आहे अशी आज सर्वांची समजूत आहे. तथापि तिचा जन्म परदेशातला. अलेक्झांद्र दबें या फ्रेंच कारागिराने १८४० मध्ये पॅरिस येथे 'हार्मोनियम' या नावाने तिचे पेटंट घेतले. पितळेची पातळ जीभ एका चौकटीवर एका टोकाने बसवायची आणि भात्यातून आलेली हवा तिच्यावरून जाऊ द्यायची, एवढेच तिचे मर्म. नळ्यांचा अवाढव्य ऑर्गन बसविण्यास लागणारा पैसा आणि जागा ज्यांच्याजवळ नव्हती, अशा युरोपातील लहान चर्चनी हे स्वस्त आणि आटोपशीर वाद्य आनंदाने स्वीकारले. गरिबांचा ऑर्गन म्हणून मिशनरींबरोबर ते पूर्वेकडे आले. मुंबईच्या होली नेम कॅथीड्रलसारख्या मोजक्या मंदिरांत नळ्यांचा ऑर्गन बसला. गावोगावच्या मंदिरांना पायपेटीच परवडण्यासारखी होती.

यात एका धर्माज्ञेचाही हातभार लागला. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पवित्र संगीताविषयी जे आज्ञापत्र काढले, त्यात चर्चमध्ये पियानो वाजविण्यास स्पष्ट मनाई होती. ढोल-झांजांसारखी वाद्येही त्यात निषिद्ध ठरली. मान होता तो ऑर्गनला. त्यामुळे ऑर्गनची धाकटी बहीण असलेली पायपेटी उपासनेत टिकून राहिली आणि पियानो दिवाणखान्यात व शाळेच्या सभागृहात राहिला.

मांडी घालून बसणाऱ्या आपल्या गायकाला मात्र पायाने भाता मारण्याची ती उंच पेटी अडचणीचीच होती. १८७५ मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेल्या 'द्वारकिन' या पेढीचे द्वारकानाथ घोष यांनी पुढच्या दशकात हाताने भाता हलविण्याची बैठी पेटी घडविली आणि हे वाद्य देशभर पसरले. महाराष्ट्रात पायपेटी उरली ती संगीत रंगभूमीवर. तेथे तिला 'ऑर्गन' असेच म्हणत. गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवाच्या काळात सारंगी आणि तबल्याबरोबर ऑर्गनचे सूर हे नाट्यगीताचे अविभाज्य अंग होऊन बसले.

पेटीचे लाकूड, भाता आणि पट्ट्या येथे होऊ लागल्या. परंतु सूर, म्हणजे पितळेच्या त्या पत्त्या, दीर्घकाळ परदेशातूनच येत. पॅरिसचे सूर आणि जर्मन सूर यांची कीर्ती एवढी होती, की आजही जुनी पेटी विकणारा पहिल्याने तिच्यातील सुरांचे कूळ सांगतो. पेटी कोणी बांधली हे त्याला नंतर आठवते.

सूर मागविणे हे सोपे काम नव्हे. पेटी किती सप्तकांची, सुरांच्या ओळी किती, गेलेला सूर खर्जाचा की नराचा की मादीचा, गायकाची पट्टी काळी एक की पांढरी चार, पत्तीची लांबी-रुंदी केवढी, हे सारे पत्रात अचूक लिहावे लागे. एवढ्यानेही भागत नसे. नवी पत्ती आली तरी ती जुन्या शेजाऱ्यांशी जुळत नाही. मग कारागीर कानसेने किंवा सुरीच्या धारेने ती हलकेच खरवडतो. टोकाकडे घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. खरवडलेले पितळ परत येत नाही, म्हणून हात भीत भीत चालवावा लागतो.

मुंबईत या कामाची ठाणी ठरलेली होती. धोबीतलावचे फुर्तादो हे दुकान १८६५ पासूनचे. आपल्या समाजातील कित्येक घरांना ते संगीताच्या वह्यांसाठी ठाऊक आहे. दादरचे हरिभाऊ विश्वनाथ हे १९२५ पासूनचे. पेटी म्हटली की मराठी माणसाच्या ओठांवर हे नाव येते. गावाकडचा माणूस अशा दुकानांना पत्र लिही आणि माल व्ही.पी.ने येण्याची वाट पाही. किंवा मुंबईस जाणाऱ्या एखाद्याच्या हाती बिघडलेली पत्ती कागदात गुंडाळून नमुन्यादाखल देई.

तयार माल मागविणे वेगळे आणि आपल्या कल्पनेप्रमाणे वाद्य घडवून घेणे वेगळे. या दुसऱ्या प्रकारचे सर्वांत धाडसी उदाहरण सांगलीचे आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी हिंदू संगीतातील बावीस श्रुतींवर १९१० मध्ये इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या रागांतील सूक्ष्म स्वर बारा पट्ट्यांच्या पेटीत बसत नाहीत, हा पेटीवरचा जुना आक्षेप. पेटी टाकून देण्याऐवजी श्रुतीच पेटीत का बसवू नयेत, असा त्यांचा प्रश्न होता. आय.सी.एस. अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांचे साहाय्य त्यांना लाभले आणि १९११ च्या सुमारास लंडनच्या 'मूर अँड मूर' या पेढीने त्यांच्या हिशेबाप्रमाणे श्रुतींची पेटी तयार केली. सांगलीत मोजलेले स्वरांतर लंडनच्या कारखान्यात पितळेवर उतरले! १९१६ च्या बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या श्रुतींवरून जोरदार वाद झाला. ती पेटी पुढे रूढ झाली नाही. तथापि तो प्रश्न मात्र जिवंत राहिला. पुढे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी नव्याने सिद्ध केली, ती याच वाटेने जाऊन.

दुसऱ्या महायुद्धाने समुद्रमार्ग असुरक्षित केले आणि परदेशी सुरांची आवक आटली. त्याच सुमारास, मार्च १९४० पासून, आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. पेटीला मींड घेता येत नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर ती घरंगळू शकत नाही, हे त्यामागचे मुख्य कारण. ही बंधने सैल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. एकीकडे राजमान्यता गेलेली आणि दुसरीकडे सूर मिळेनासे झालेले, अशा कात्रीत सापडूनही पेटी मेली नाही. याचे श्रेय भजन-कीर्तनाला आणि येथल्या कारागिरांना दिले पाहिजे. सौराष्ट्रातील पालिताणा हे गाव सूर घडविण्याचे मोठे केंद्र झाले आणि सुट्या भागाच्या बाबतीत आपण परावलंबी उरलो नाही.

आता महाड आणि पोलादपूरकडे वळू. आगगाडी या मुलखाच्या जवळ, महाडपासून काही अंतरावरील वीर स्थानकापर्यंत, आली ती १९९० च्या दशकात. त्यापूर्वी मुंबई-गोवा रस्ता होता आणि त्याच्याही आधी बाणकोटच्या खाडीतून सावित्री नदीने दासगाव-महाडपर्यंत येणारी गलबते. पोलादपूर हे त्याहून आत, घाटांच्या पायथ्याशी. शिवभारतकार कवींद्र परमानंद यांची समाधी याच गावी आहे. पिकाऊ जमीन थोडी, त्यामुळे घरटी एक माणूस मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत. या चाकरमान्यांनी लालबाग-परळच्या चाळींत भजनी मंडळे बसविली आणि गणपतीला, शिमग्याला गावी येताना पेटी डोक्यावरून आणली. मुंबईचे दुकान आणि डोंगरातील वाडी यांच्यामध्ये सुट्या भागांची जी ये-जा झाली, तिचा कणा म्हणजे हा चाकरमानी आणि एस.टी.ची गाडी.

या मुलखात पेटीचा खरा वैरी पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणाऱ्या पावसात लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात, भात्याचे चामडे बुरशीने मऊ पडते आणि सुरांवर हिरवा गंज चढतो. पुराची गोष्ट तर आणखीच वेगळी. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीच्या पाण्याने महाड शहर बुडविले. त्याच दिवशी तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. माणसांच्या दुःखापुढे वाद्यांचे दुःख ते काय! परंतु चिखल काढून झाल्यावर माणूस पुन्हा देवापुढे बसतो तेव्हा त्याला पेटी हवी असते. गढूळ पाण्यात राहिलेल्या पेटीचा सरस विरघळतो आणि सांधे सुटतात, भाता निकामी होतो. पितळेचे सूर मात्र बहुधा वाचतात. ते काढून, स्वच्छ करून, पुन्हा जुळवून नव्या चौकटीत बसविता येतात. म्हणून भिजलेली पेटी घाईने उन्हात ठेवू नये आणि भंगारात तर मुळीच देऊ नये. लाकूड येथेही मिळेल. आजोबांच्या काळचे सूर पुन्हा मिळणार नाहीत.

याच पितळी जिभेचे एक दूरचे नातलग अमेरिकेत जन्मले. हॅरल्ड ऱ्होड्स हे पियानोचे शिक्षक. दुसऱ्या महायुद्धात जखमी वैमानिकांचे मन रमावे म्हणून त्यांनी विमानांच्या टाकाऊ ॲल्युमिनियमच्या नळ्यांतून खाटेवर मांडीवर घेऊन वाजविण्याचा छोटा पियानो तयार केला. युद्धानंतर त्यातूनच त्यांचा विजेचा पियानो आला. त्यात तारांऐवजी पोलादाच्या काड्या असतात. हातोडी काडीवर पडते, तिची थरथर चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात विजेची लहर उठविते आणि ध्वनिवर्धकातून घंटेसारखा मऊ नाद येतो. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून वुर्लिट्झर कंपनीनेही विजेचा पियानो बाजारात आणला. त्यात तर थेट पोलादी पत्तीच आहे. फरक इतकाच, की ती हवेने न बोलता हातोडीने बोलते. तिच्या टोकाला शिशाच्या डाकाचा थेंब असतो. तो कमी केला की सूर चढतो, वाढविला की उतरतो. आपल्या पेटीवाल्याला हे गणित समजावून सांगावे लागणार नाही. सत्तरच्या दशकात हिंदी चित्रपटगीतांतूनही विजेच्या पियानोचा हा नाद आपल्या कानी पडू लागला.

पुढे अंकीय वाद्ये आली. वुर्लिट्झरने १९८० च्या दशकाच्या आरंभी आपले उत्पादन थांबविले. ऱ्होड्स हे नाव १९८७ मध्ये जपानच्या रोलंड कंपनीकडे गेले. मूळ कारखान्यातून सुटे भाग येणे संपले. मग जे पालिताण्यात घडले तेच अमेरिकेत घडले. ज्यांचे या वाद्यांवर प्रेम होते अशा लोकांनी लहान कार्यशाळा उघडल्या आणि जुन्या नमुन्यांवरून काड्या, पत्त्या, हातोड्यांची टोके, पट्ट्यांखालचे नमदे पुन्हा घडविण्यास प्रारंभ केला. गिऱ्हाईकाच्या आवडीप्रमाणे नवे कवच चढविणे, आतील विजेचे मंडल बदलून देणे, ही कामेही ते घेतात. २०२१ मध्ये तर इंग्लंडमध्ये ऱ्होड्स नावाचा नवा पियानो पुन्हा तयार झाला.

अशा ठिकाणाहून भाग मागविणाऱ्याला आपल्या आजोबांच्या त्या पत्राचीच पद्धत उपयोगी पडते. वाद्याचा नमुना कोणता, घडणीचे साल कोणते, बिघाड डावीकडून कितव्या पट्टीत आहे, हे आधी नोंदवावे. एका नमुन्याची पत्ती दुसऱ्यात बसतेच असे नाही. ऱ्होड्सच्या हातोड्यासुद्धा आधी लाकूड-प्लास्टिकच्या आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर निव्वळ प्लास्टिकच्या आहेत. अमेरिकेतील वाद्य ११० ते १२० व्होल्टवर चालणारे, आपला प्रवाह २३० चा. तेव्हा रोहित्राची चौकशी प्रथम करावी. मोडलेला भाग टाकून न देता जपून ठेवावा, कारण नमुना हीच उत्तम मागणी. आणि मालाच्या किमतीत टपालखर्च व आयात शुल्क मिळविल्याशिवाय हिशेब पुरा झाला असे मानू नये.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयी जो दस्तऐवज संमत केला, त्यात नळ्यांच्या ऑर्गनचा मान राखून, पवित्र कार्यास योग्य अशा इतर वाद्यांनाही परवानगी दिली. त्यानंतर मराठी मिस्सेत पेटी आणि तबला सन्मानाने आले. आज पुष्कळ ठिकाणी त्यांची जागा विजेच्या कीबोर्डने घेतली आहे. तो हलका आहे, स्वस्त आहे, बसल्या जागी शंभर वाद्यांचे आवाज काढतो. परंतु त्यातील एखादी चकती जळाली आणि कंपनीने तो नमुना बंद केला असला, की चार-पाच वर्षांचे वाद्य मुके होते आणि कोणत्याही कानसेला ते पुन्हा बोलते करता येत नाही. शंभर वर्षांपूर्वीची पायपेटी मात्र एक पत्ती, थोडे चामडे आणि एका जाणत्या हाताच्या आधारावर उद्या सकाळी पुन्हा गाऊ शकते.

जे वाद्य उघडता येते ते टिकते, हा या सबंध इतिहासाचा बोध होय. मात्र उघडणारा हातही टिकावा लागतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि कारागिरांच्या एका पेठेचा गौरव झाला. पेटी दुरुस्त करणाऱ्या एकट्या-दुकट्या माणसाला असे मानांकन मिळत नाही. त्याला मिळते ते काम, आणि तेही आपण नेऊन दिले तरच. आपल्या चर्चच्या कोठारात किंवा घरच्या माळ्यावर एखादी जुनी पेटी फडक्यात गुंडाळून पडली असेल, तर या पावसाळ्यापूर्वी ती खाली काढून उघडून पाहावी. तिचा कोणता सूर गेला आहे ते एका कागदावर लिहावे आणि तो कागद जवळच्या कारागिराकडे घेऊन जावे. त्याच्याजवळ तो सूर नसेल, तर तो कोठे मिळेल हे त्याला नक्की ठाऊक असेल.