नशिबाचा खेळ, हाताचा खेळ

कर्जतजवळच्या आमच्या गावच्या जत्रेत खिळे ठोकलेल्या फळीवर गोळी सोडायचा खेळ असे. गोळी खिळ्यांवर आपटत खाली येई, ज्या खणात पडेल तसं बक्षीस. वडील मात्र तिथं थांबू देत नसत. ‘जुगार आहे हा,’ एवढंच म्हणत. निवृत्तीनंतर नातवाच्या हट्टापायी मी घरी पिनबॉलचं यंत्र बनवायला घेतलं, तेव्हा या खेळाचा इतिहास वाचला. त्यात वडिलांचा तोच शब्द पुन्हा भेटला.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये टेबलावर काठीनं चेंडू ढकलायचा बॅगाटेल हा खेळ लोकप्रिय झाला. १८७१ साली अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी काठीच्या जागी स्प्रिंगचा दट्ट्या लावून पेटंट घेतलं. पण चेंडू एकदा सुटला की पुढचं सारं नशिबावर! म्हणूनच १९४२ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांच्या काळात पिनबॉल जुगार ठरला, त्यावर बंदी आली आणि जप्त केलेली यंत्रं हातोड्यांनी फोडली गेली.

१९४७ मध्ये गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात विजेवर हलणाऱ्या छोट्या पट्ट्या आल्या. त्यांना म्हणतात फ्लिपर. बटण दाबलं की घरंगळत येणारा चेंडू पुन्हा वर उडवता येऊ लागला. खेळ नशिबाकडून हाताकडे आला. तरी न्यूयॉर्कमधली बंदी उठायला १९७६ साल उजाडलं. रॉजर शार्प यांनी चेंडू कुठल्या वाटेनं जाईल हे आधी सांगून तो तसाच मारून दाखवला. त्या फटक्याला नशिबाचीही साथ होती, हे त्यांनीच पुढं कबूल केलं!

फ्लिपरचं रहस्य म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळी. वीज सोडली की ती चुंबक होऊन लोखंडी दांडा आत खेचते. आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यातल्या खोपोलीच्या वीजगृहातून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली. तिथली अजस्र जनित्रं आणि माझी वीतभर गुंडाळी, दोन्हींत खेळ तार आणि चुंबकाचाच.

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून तार आणली, गॅरेजमधून बेअरिंगची गोळी. पहिली गुंडाळी जळली, कारण बटण दाबून धरलं की जोराचा प्रवाह वाहतच राहतो. कारखान्यात बनणाऱ्या जुन्या यंत्रांत यासाठी दोन गुंडाळ्या असत. जाड तारेची फटका मारायला आणि बारीक तारेची पट्टी धरून ठेवायला. मी ते काम आर्डुइनोवर सोपवलं. ही २००५ मध्ये इटलीत जन्मलेली, हौशी लोकांसाठीची छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी. ती आधी क्षणभर पूर्ण जोर देते, मग पट्टी धरून ठेवण्यापुरताच प्रवाह.

यंत्र सुरू झालं. गोळी दोन पट्ट्यांमधून निसटली तसा नातू म्हणाला, “आजोबा, नशीबच खराब.”

मी म्हटलं, “नाही रे बाळा, बटण उशिरा दाबलंस.”

वडील असते तर बहुधा त्यांनीही एक डाव मांडला असता.