डोडो : एका न उडणाऱ्या पक्ष्याचा न्याय

हिंदी महासागरांतील मॉरिशस बेटावर एके काळीं डोडो नांवाचा पक्षी राहत असे. उंची सुमारें एक मीटर, चोंच मोठी व टोंकाशीं आंकड्यासारखी वळलेली, पाय बळकट. परंतु पंख इतके खुजे कीं, त्यांच्या बळावर त्यास भूमि सोडतां येत नसे. इ. स. १५९८ मध्यें डच खलाशी या बेटावर उतरले आणि त्यानंतर शंभर वर्षें पुरीं होण्यापूर्वींच हा पक्षी नामशेष झाला. मागें उरली ती 'मूर्ख पक्षी' ही अपकीर्ति. ती न्याय्य होती काय, याची साक्ष त्याच्या अस्थींनींच पुढें दिली.

ऑक्सफर्ड येथें डोडोचें एक वाळलेलें डोकें व पाय जपून ठेवलेले होते. त्यांचें परीक्षण करून स्ट्रिकलंड व मेलव्हिल यांनीं इ. स. १८४८ मध्यें हा पक्षी कबुतरांच्या कुळांतील असल्याचें प्रतिपादन केलें. इ. स. १८६५ मध्यें जॉर्ज क्लार्क नामक शिक्षकास मॉरिशसमधील एका दलदलींत त्याचीं पुष्कळ हाडें सांपडलीं. इ. स. २००२ मधील आनुवंशिक संशोधनानें तर त्याचा सर्वांत जवळचा हयात आप्तही दाखवून दिला. तो म्हणजे निकोबारचें कबूतर. आणि तें उत्तम उडतें!

मग डोडोच कां उडेना? उडणाऱ्या पक्ष्याच्या उरोस्थीवर नावेच्या तळाच्या कण्यासारखी उंच कड असते. पंख हलविणारे स्नायु तिला जखडलेले असतात. डोडोची ही कड लहान राहिली होती. त्याचे पूर्वज उडतच बेटावर आले. परंतु तेथें जमिनीवर हिंडणारें हिंस्र श्वापद नव्हतें. जेथें पळून जाण्याचें कारण नाहीं, तेथें उड्डाणाचे महागडे स्नायु पोसणें व्यर्थच. सारांश, हें व्यंग नव्हे, ही निसर्गाची काटकसर होय.

कुतूहलाचा विषय म्हणून कांहीं डोडो परदेशींही गेले. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानें सतराव्या शतकांत सुरतेस असे दोन पक्षी पाहिले होते. मॉरिशसमध्यें मात्र जहाजांबरोबर आलेले उंदीर, डुकरें व माकडें बेटभर पसरलीं. जमिनीवर अंडीं घालणाऱ्या पक्ष्याचा त्यांपुढें निभाव लागला नाहीं. तो जिवंत दिसल्याची सामान्यतः ग्राह्य मानलेली शेवटची नोंद इ. स. १६६२ ची आहे.

इ. स. २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या कवटीच्या अभ्यासांत त्याचा मेंदू शरीराच्या मानानें कबुतरांइतकाच असल्याचें आढळलें. ज्यानें शत्रु कधीं पाहिलाच नव्हता, तो मनुष्यास पाहून पळाला नाहीं, एवढाच त्याचा अपराध. मारणाऱ्यानें त्या विश्वासास मूर्खपणा म्हटलें. तेणेंकरून दोष मात्र मेलेल्याच्या माथीं बसला.