ऑनलाइन डेटिंग ॲप

ऑनलाइन डेटिंग ॲप म्हणजे परस्परांना अपरिचित असलेल्या प्रौढ व्यक्तींची मैत्री, प्रेमसंबंध अथवा विवाह या हेतूने ओळख करून देणारे, मुख्यतः भ्रमणध्वनीवर चालणारे उपयोजन होय. वापरकर्ता आपली छायाचित्रे, वय, आवडीनिवडी व अपेक्षा नोंदवतो. ॲप त्याला इतरांच्या नोंदी दाखवते आणि सामान्यतः दोघांनीही एकमेकांना पसंती दिल्यावर त्यांच्यात संवाद सुरू होतो. टिंडर, बम्बल, हिंज, ओकेक्यूपिड व ग्राइंडर ही ॲप्स अनेक देशांत वापरली जातात, तर ट्रूलीमॅडली व आयल ही भारतात निर्माण झालेली ॲप्स आहेत. वरवर पाहता ही सर्व सारखी भासली, तरी त्यांची रचना, त्यांवर येणारा वर्ग, उत्पन्नाचे मार्ग आणि खासगी माहिती हाताळण्याची पद्धत यांत महत्त्वाचे भेद आहेत. त्यामुळे केवळ लोकप्रियता हा ॲपच्या निवडीचा पुरेसा निकष ठरत नाही.

इतिहास

जोडीदार शोधण्यासाठी यंत्राचे साहाय्य घेण्याची कल्पना इंटरनेटपेक्षा जुनी आहे. १९६५ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ‘ऑपरेशन मॅच’ हा उपक्रम सुरू केला. इच्छुकाने प्रश्नावली भरून तीन डॉलर शुल्कासह पाठवायची आणि संगणकाने जुळवलेली नावे त्याला टपालाने कळवायची, अशी त्याची पद्धत होती. गॅरी क्रेमेन यांनी स्थापन केलेले मॅच डॉट कॉम हे संकेतस्थळ १९९५ मध्ये सुरू झाले. २००४ मध्ये हार्वर्डच्याच माजी विद्यार्थ्यांनी ओकेक्यूपिड सुरू केले.

स्मार्टफोनच्या प्रसारानंतर या क्षेत्राचे स्वरूप पालटले. २००९ मध्ये आलेल्या ग्राइंडरने वापरकर्त्याच्या भौगोलिक स्थानावरून जवळच्या व्यक्ती दाखवण्यास आरंभ केला. २०१२ मध्ये टिंडर आले आणि पडद्यावर बोट उजवीकडे सरकवून पसंती व डावीकडे सरकवून नापसंती दर्शवण्याची, म्हणजेच ‘स्वाइप’ करण्याची रीत सर्वत्र रूढ झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ मायकेल रोझेनफेल्ड व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, अमेरिकेत २०१७ मध्ये जुळलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी सुमारे ३९ टक्के जोडप्यांची ओळख ऑनलाइन माध्यमातून झाली होती.

कार्यपद्धती

ही ॲप्स जोड्या सुचवण्यासाठी प्रामुख्याने तीन प्रकारच्या माहितीचा उपयोग करतात: वापरकर्त्याने स्वतः दिलेली माहिती, त्याचे स्थान आणि ॲपवरील त्याचे वर्तन. कोणाला पसंती दिली, कोणते प्रोफाइल नाकारले, किती वेळा ॲप उघडले, यांची नोंद वर्तनात येते.

टिंडर पूर्वी बुद्धिबळातील एलो गुणांकनासारखी पद्धत वापरत असे. तीत एखाद्याला मिळालेल्या पसंतीवरून त्याचे स्थान ठरे. आपण या पद्धतीवर आता विसंबत नाही, असे कंपनीने २०१९ मध्ये जाहीर केले. हिंजने २०१८ मध्ये सुरू केलेली ‘सर्वाधिक अनुरूप’ व्यक्ती सुचवण्याची सोय डेव्हिड गेल व लॉइड शॅप्ले या गणितज्ञांनी १९६२ मध्ये मांडलेल्या स्थिर जोड्यांच्या सिद्धान्तावर आधारलेली आहे. शॅप्ले यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ओकेक्यूपिडवर प्रत्येक प्रश्नाला तीन अंगे असतात: स्वतःचे उत्तर, जोडीदाराकडून अपेक्षित उत्तर आणि त्या प्रश्नाचे महत्त्व. त्यावरून दोघांच्या अनुरूपतेची टक्केवारी काढली जाते. ती दोन्ही बाजूंच्या समाधानाचा भूमितीय मध्य असते. उदाहरणार्थ, एकाच्या अपेक्षा ९० टक्के पूर्ण होत असतील आणि दुसऱ्याच्या केवळ ४० टक्के, तर साधी सरासरी ६५ येते. भूमितीय मध्य मात्र ६० येतो. एकतर्फी अनुरूपतेला या पद्धतीत कमी गुण मिळतात. थोड्याच प्रश्नांची उत्तरे दिल्यास हा अंदाज फारसा विश्वसनीय राहत नाही.

प्रमुख ॲप्स

टिंडर: वापर अत्यंत सोपा आणि प्रसार मोठा, ही याची वैशिष्ट्ये होत. निर्णय मुख्यतः छायाचित्रावरून आणि क्षणार्धात घेतला जातो. क्षणिक ओळखीपासून विवाहापर्यंत सर्व हेतूंचे लोक येथे एकत्र असल्याने समोरच्याचा हेतू आरंभीच विचारून घेणे आवश्यक ठरते.

बम्बल: टिंडरच्या संस्थापक गटातील व्हिटनी वुल्फ हर्ड यांनी २०१४ मध्ये हे ॲप स्थापन केले. स्त्री-पुरुष जोडीत पहिला संदेश स्त्रीनेच आणि २४ तासांच्या आत पाठवावा, हा याचा मूळ नियम होता. २०२४ पासून स्त्रीला एक प्रश्न आधीच लिहून ठेवता येतो व पुरुष त्याचे उत्तर देऊन संवाद सुरू करू शकतो. २०१८ च्या अखेरीस भारतात आलेल्या या ॲपने येथील स्त्रियांना पूर्ण नावाऐवजी केवळ आद्याक्षर दाखवण्याची मुभा दिली.

हिंज: जस्टिन मॅक्लाउड यांनी स्थापन केलेल्या या ॲपने २०१६ मध्ये स्वाइपची पद्धत सोडून दिली. वापरकर्ता ठरावीक प्रश्नांची लहान उत्तरे लिहितो आणि पाहणाऱ्याला त्यातील एखाद्या विशिष्ट उत्तरावर किंवा छायाचित्रावर प्रतिक्रिया देता येते. त्यामुळे संवादाला विषय मिळतो. दीर्घकालीन संबंध शोधणाऱ्यांसाठी असल्याचे हे ॲप सांगते.

ओकेक्यूपिड: राजकारण, धर्म, अपत्ये, आहार अशा विषयांवरील प्रश्नावली हे याचे बलस्थान आहे. विचारांची जुळणी महत्त्वाची मानणाऱ्यांना ते सोयीचे पडते. मात्र त्यासाठी वेळ द्यावा लागतो.

ग्राइंडर: समलिंगी, उभयलिंगी व पारलिंगी व्यक्तींसाठी असलेले हे ॲप जवळच्या व्यक्ती अंतरानुसार दाखवते. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. तथापि, ओळख उघड होण्याची भीती व त्यावरून होणारी खंडणीखोरी संपलेली नाही. म्हणून येथे गोपनीयतेचा प्रश्न अधिक गंभीर ठरतो.

ट्रूलीमॅडली व आयल: दोन्ही ॲप्स २०१४ च्या सुमारास सुरू झाली. ट्रूलीमॅडलीने ओळखीची पडताळणी करून विश्वासगुण देण्यावर भर दिला. आयल दीर्घकालीन संबंधांवर भर देते. मल्याळम भाषकांसाठी ‘अरिके’ व तमिळ भाषकांसाठी ‘अन्बे’ ही ॲप्सही त्याच कंपनीने काढली. २०२२ मध्ये जीवनसाथी डॉट कॉम चालवणाऱ्या इन्फो एज कंपनीने आयलमधील बहुसंख्य हिस्सा घेतला.

विवाहविषयक संकेतस्थळांशी तुलना

महाराष्ट्रात वधू-वर सूचक मंडळे, ज्ञातिसंस्थांचे मेळावे आणि वृत्तपत्रांतील ‘वधू पाहिजे, वर पाहिजे’ या जाहिराती यांची परंपरा जुनी आहे. शादी डॉट कॉम, भारत मॅट्रिमनीच्या समूहातील मराठी मॅट्रिमनी यांसारखी संकेतस्थळे हे त्याच परंपरेचे नवे रूप म्हणता येईल. त्यांवर जात, पोटजात, पत्रिका, शिक्षण व उत्पन्न यांना महत्त्व असते आणि नोंदणी अनेकदा आईवडील अथवा भावंडे करतात. डेटिंग ॲपवर नोंदणी स्वतः व्यक्ती करते. तेथे निवडीची चाळणी सामान्यतः वय, अंतर व आवडींची असते. जातीची अधिकृत चाळणी नसली तरी आडनावावरून जात ओळखण्याची सामाजिक सवय तेथे नाहीशी होते असे नाही.

भारत सरकारने जून २०१६ मध्ये विवाहविषयक संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. हे संकेतस्थळ केवळ विवाहासाठी आहे असे स्पष्ट लिहावे व वापरकर्त्याकडून ओळखीचा पुरावा घ्यावा, असे त्यांत सांगितले आहे. या सूचना डेटिंग ॲप्ससाठी नाहीत. जून २०२० मध्ये वापरकर्त्यांच्या मागणीनंतर शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगावरून निवड करण्याची सोय काढून टाकली.

निवडीचे निकष

हेतू: विवाह, दीर्घ सहवास, मैत्री अथवा तात्पुरती ओळख यांपैकी काय हवे, हे निश्चित केल्याशिवाय ॲप्सची तुलना निरर्थक ठरते. ज्याला वर्षभरात विवाह करावयाचा आहे आणि ज्याला नव्या शहरात चार माणसे ओळखीची हवी आहेत, त्या दोघांना एकच ॲप सारखे उपयोगी पडत नाही.

परिसरातील वापरकर्ते: एखादे ॲप जगभर प्रसिद्ध असले तरी आपल्या गावापासून सोयीच्या अंतरावर त्याचे वापरकर्ते किती, हाच व्यावहारिक प्रश्न असतो. मुंबई-पुण्यात भरपूर नोंदी दाखवणारे ॲप तालुक्याच्या गावी थोड्याच दिवसांत रिते होऊ शकते. शुल्क भरण्यापूर्वी काही दिवस विनामूल्य वापर करून हे पाहता येते.

पडताळणी: अनेक ॲप्स वापरकर्त्याला त्याच क्षणी स्वतःचे छायाचित्र अथवा चित्रफीत काढावयास सांगून खातरजमेची खूण देतात. प्रोफाइलमधील चेहरा त्याच व्यक्तीचा आहे, एवढेच या खुणेवरून कळते. नाव, नोकरी, वैवाहिक स्थिती अथवा हेतू यांची ग्वाही ती देत नाही. ओळखपत्र तपासण्याची सोय निराळी असते व ती सर्वत्र सक्तीची नसते.

गोपनीयता: ॲपला लैंगिक कल, आरोग्य, धर्म, खासगी संभाषणे व स्थान अशी अतिशय नाजूक माहिती मिळते. २०१५ मध्ये ॲश्ली मॅडिसन या संकेतस्थळाच्या कोट्यवधी सदस्यांची माहिती चोरीस जाऊन जाहीर झाली. वापरकर्त्यांची माहिती वैध संमतीविना जाहिरातदारांना दिल्याबद्दल नॉर्वेच्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने २०२१ मध्ये ग्राइंडरला साडेसहा कोटी क्रोन दंड केला. केवळ अंतर दाखवणेही धोक्याचे ठरू शकते. तीन भिन्न ठिकाणांहून एखाद्याचे अचूक अंतर कळल्यास तीन वर्तुळांच्या छेदावरून त्याची जागा काढता येते. टिंडरमधील असा दोष २०१४ मध्ये संशोधकांनी उघड केला व तो दुरुस्त करण्यात आला. अंतर लपवण्याची आणि खाते पूर्णपणे पुसण्याची सोय आहे किंवा नाही, हे म्हणून पाहावे लागते. भ्रमणध्वनीवरून ॲप काढून टाकल्याने खाते आपोआप पुसले जात नाही.

शुल्क: बहुतेक ॲप्सचा प्राथमिक वापर विनामूल्य असतो. आपल्याला कोणी पसंत केले हे पाहणे, अमर्याद पसंती देणे, आपले प्रोफाइल काही काळ पुढे आणणे यांसाठी पैसे पडतात. एकाच सेवेचे दर सर्वांना सारखे असतीलच असे नाही. तिशीवरील ग्राहकांना अधिक दर आकारण्याची टिंडरची पद्धत वयावरून भेदभाव करणारी असल्याचे कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले. सदस्यत्व बहुधा आपोआप नूतनीकृत होते. ते स्वतंत्रपणे रद्द करावे लागते.

मालकी: टिंडर, हिंज, ओकेक्यूपिड, प्लेंटी ऑफ फिश व मॅच डॉट कॉम ही सर्व मॅच ग्रुप या एकाच अमेरिकी कंपनीची आहेत. बम्बल व बडू यांचीही मालकी एकत्र आहे. त्यामुळे एक ॲप सोडून दुसऱ्याकडे जाणारा ग्राहक अनेकदा त्याच कंपनीकडे राहतो.

टीका

डेटिंग ॲपच्या व्यवसायात एक अंगभूत विसंगती आहे. वापरकर्त्याला जोडीदार मिळाला की तो ॲप सोडतो, तर कंपनीचे उत्पन्न तो ॲपवर राहण्यावर अवलंबून असते. हिंजने ‘पुसून टाकण्यासाठीच बनवलेले’ असे घोषवाक्य घेतले, ते याच टीकेला उत्तर म्हणून पाहिले जाते. मानसशास्त्रज्ञ एली फिंकेल व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये घेतलेल्या विस्तृत आढाव्यात असे मांडले की, ऑनलाइन सेवांमुळे भेटीच्या संधी वाढतात; परंतु गणिती पद्धतीने जुळवलेली जोडी अधिक सुखी होते, याला भक्कम पुरावा नाही. दोन व्यक्तींचे जमेल की नाही हे प्रत्यक्ष सहवासातून कळते आणि ती माहिती भेटीपूर्वी कोणत्याही ॲपकडे नसते. यास्तव दीर्घकाळ संदेशांची देवाणघेवाण करण्यापेक्षा योग्य काळजी घेऊन लवकर भेटणे इष्ट मानले जाते.

फसवणूक व सुरक्षितता

बनावट प्रोफाइलद्वारे विश्वास संपादन करून पैसे उकळणे हा फसवणुकीचा सर्वांत परिचित प्रकार होय. ‘द टिंडर स्विंडलर’ या २०२२ मधील माहितीपटामुळे तो जगभर चर्चेत आला. भारतात आढळणारे प्रकार असे:

- परदेशातून भेटवस्तू पाठवली असून ती सीमाशुल्क विभागाने अडवली आहे, असे सांगून रक्कम मागणे.
- चित्रसंभाषणाचे अश्लील चित्रण करून ते नातेवाइकांना पाठवण्याची धमकी देणे.
- आभासी चलनात अथवा शेअर बाजारात गुंतवणूक करण्यास प्रवृत्त करणे.
- ठरावीक उपाहारगृहात अथवा मद्यालयात भेटीला बोलावून भरमसाट देयक भरावयास लावणे.

यांतील समान धागा म्हणजे प्रत्यक्ष भेट टाळणे अथवा भेटीची जागा स्वतःच ठरवण्याचा आग्रह, ॲपबाहेर बोलण्याची घाई आणि अल्पावधीत निघालेला पैशाचा विषय. पहिली भेट स्वतः निवडलेल्या गजबजलेल्या ठिकाणी दिवसा घेणे, जाण्यायेण्याची सोय स्वतंत्र ठेवणे, विश्वासातील व्यक्तीला स्थळ व वेळ कळवणे आणि न भेटलेल्या व्यक्तीला पैसे न पाठवणे, ही सर्वमान्य दक्षता होय. ज्यांना घरी हा विषय बोलता येत नाही, ते धमकीला अधिक सहज बळी पडतात. म्हणून कुटुंबाने अथवा मित्राने दोष न देता ऐकून घेणे, हाही सुरक्षिततेचाच भाग ठरतो.

भारतातील कायदेशीर तरतुदी

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ड नुसार संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक करणे हा तीन वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे. कलम ६६ई नुसार संमतीविना खासगी अवयवांची छायाचित्रे टिपणे वा प्रसारित करणे हाही गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ मध्ये, विवाहाचे वचन पाळण्याचा हेतू नसताना ते देऊन ठेवलेल्या शरीरसंबंधांसाठी १० वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत केला. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर अथवा राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार करता येते. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी रक्कम बँकेत गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.