एका यंत्राच्या पोटात चौदा

जुना कॉम्प्युटर भंगारात देता येतो; त्यावर चालणारे पगाराचे आणि विम्याचे प्रोग्राम देता येत नाहीत. ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० जाहीर करताना आयबीएमपुढे हाच पेच होता. नवी मालिका आधीच्या यंत्रांशी जुळत नव्हती आणि त्यातलं १४०१ तर हजारो कचेऱ्यांत बसलेलं. डिसेंबर १९६३मध्येच हनिवेलने १४०१चे प्रोग्राम वळवून घेणारं यंत्र काढून या गिऱ्हाइकांवर डोळा ठेवला होता. आयबीएमने मग मॉडेल ३०च्या मायक्रोकोडमध्येच १४०१च्या आज्ञा समजण्याची सोय केली. जुने प्रोग्राम तिथे मूळ यंत्रापेक्षाही वेगाने धावत; ते नव्याने लिहिण्याची निकड कोणाला वाटणार?

व्हर्च्युअल मशीन मात्र दुसऱ्याच घरात जन्मलं, तेही जुन्याच्या काळजीपोटी नव्हे. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला आयबीएमचं छोटं संशोधन केंद्र होतं. तिथल्या रॉबर्ट क्रीझी आणि सहकाऱ्यांना एकच यंत्र अनेकांना एकाच वेळी वापरू द्यायचं होतं. त्यांनी प्रत्येकाला अख्ख्या कॉम्प्युटरचा आभासच दिला. आतल्या प्रोग्रामने मेमरी किंवा डिस्कच्या ताब्याशी संबंधित आज्ञा दिली, की यंत्र अडखळे. वरचा नियंत्रक ती आज्ञा तपासून तिची नक्कल करी आणि प्रोग्राम पुढे जाई. त्याला पत्ताही नसे. जानेवारी १९६७मध्ये ही व्यवस्था सीपी-४० नावाने वापरात आली. एका यंत्रात चौदा यंत्रं! कंपनीची भिस्त होती टीएसएस या भल्यामोठ्या प्रकल्पावर. तो रखडला, आणि कोपऱ्यातलं हे काम १९७२ साली व्हीएम/३७० म्हणून अधिकृत झालं.

त्याचा खरा उपयोग गिऱ्हाइकांनी शोधला, असं मला वाटतं. नवी ऑपरेटिंग सिस्टिम एका कप्प्यात तपासायची आणि रोजचं काम शेजारच्या कप्प्यात जुन्यावरच चालू ठेवायचं.

इंटेलच्या चिपवर ही युक्ती सरळ चालेना, कारण काही आज्ञा अडखळण्याऐवजी गुपचूप वेगळंच वागत. व्हीएमवेअरने १९९९मध्ये त्या चालता चालता बदलून घेतल्या. पुढे विंडोज ७ सोबत मायक्रोसॉफ्टनेच आत चालणारं जुनं विंडोज एक्सपी दिलं.

आता खुद्द व्हीएम/३७० जुनं झालं आहे. हर्क्युलिस नावाच्या मोफत प्रोग्रामवर ते साध्या लॅपटॉपमध्येही सुरू होतं, आणि आपण खऱ्या मेनफ्रेमवर आहोत असंच समजून कामाला लागतं.