पुन्हा आलेलं बोलावणं

 

आजचा विषय लढाईचा आहे, पण तोफा-बंदुकांचा नाही. लढाई लागली की सरकार काही माणसांना परत बोलावतं. ही माणसं एकदा नोकरी करून घरी आलेली असतात, नाहीतर एरवी आपला कामधंदा करून वर्षातले दोन महिने वर्दी घालत असतात. हे बोलावणं किती जुनं आहे आणि ते आलं की घरात काय होतं, ते आज बघू.

२०२५ चा मे महिना तुम्हाला आठवत असेल. पहलगामला पर्यटकांना मारलं, त्यानंतर आपल्या सैन्याने ऑपरेशन सिंदूर केलं. रजेवर आलेल्या जवानांना फोन गेले. अंगाची हळद उतरली नव्हती असे नवरदेव बॅग भरून स्टेशनवर गेले. त्याच दिवसांत, ६ मे रोजी, दिल्लीहून एक आदेश निघाला. प्रादेशिक सेनेतल्या, म्हणजे टेरिटोरियल आर्मीतल्या, कोणालाही कामावर बोलावण्याचा अधिकार लष्करप्रमुखांना दिला गेला. या सेनेच्या पायदळाच्या ३२ पलटणी आहेत. त्यांतल्या १४ बोलावता येतील असं ठरलं. हा आदेश ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत चालू राहणार आहे. टीव्हीवर यात धोनीचंच नाव जास्त गाजलं, कारण क्रिकेटवाला धोनी प्रादेशिक सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल आहे. पण त्या सेनेत खरी भरती असते ती साध्या नोकरदारांची आणि स्वतःचा धंदा करणाऱ्यांची.

राखीव फौज म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या बायकोला समजावून सांगायला नको. मृगात आपण सगळं बी पेरून टाकत नाही. थोडं कणगीत राखून ठेवतो. पाऊस दगा देतो, दुबार पेरणी करावी लागते, तेव्हा ते बाहेर काढतो. सरकारही तेच करतं. मोठी फौज बारा महिने पोसायची तर खर्च झेपत नाही. म्हणून काही शिपाई घरी पाठवायचे, त्यांचं नाव कागदावर ठेवायचं आणि वेळ आली की हाक मारायची. फरक एवढाच की कणगीतल्या बियाण्याला बायको-लेकरं नसतात.

आपल्याकडे ही रीत दसऱ्याइतकी जुनी आहे. आपण आपट्याची पानं सोनं म्हणून वाटतो आणि शिलंगणाला जातो. शिलंगण म्हणजे सीमा ओलांडणं. शिवाजी महाराजांची फौज पावसाळ्यात छावणीला येई आणि दसऱ्याला मुलूखगिरीवर निघे. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ साली जिंजीला लिहिलेल्या बखरीत याची सगळी व्यवस्था सांगितली आहे. छावणीत घोड्यांना दाणा-चारा आणि औषध तयार असावं, घरं शाकारलेली असावीत, फौजेबरोबर बायका नेऊ नयेत, निघताना आणि परतताना प्रत्येकाच्या मालाची यादी व्हावी, असे ते नियम होते.

त्या काळी घोडदळात दोन प्रकारचे लोक असत. बारगिराला घोडा सरकार देई. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचं हत्यार घेऊन येई. शिलेदार म्हणजे एका अर्थाने आजचा राखीव शिपाईच. मोहीम संपली की तो गावाकडे, बोलावणं आलं की घोड्यावर. दसरा म्हणजे मात्र आपल्याकडे खरिपाचं रान मोकळं करायचे आणि ज्वारी पेरायचे दिवस. गडी नेमका तेव्हाच निघून जायचा. मग तिफण कोणी धरली असेल आणि मोघडा कोणी चालवला असेल? बखरीत ते लिहिलेलं नाही. बखरी लिहिणारे पुरुष होते, आणि शेत पेरलं गेलं ही त्यांच्या दृष्टीने बातमी नव्हती.

या रीतीत गडी चार-पाच महिन्यांसाठी का होईना, पण घरी येई. ती मोडली की काय होतं, याची गोष्ट आपल्या मराठवाड्यातूनच सुरू होते. ३ फेब्रुवारी १७६० ला उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. सुमारे ६० लाखांचा मुलूख मिळाला. फौजेला वाटलं असेल, आता घर. पण उत्तरेत दत्ताजी शिंदे पडल्याची खबर आली आणि परतूरला, ज्याला तेव्हा पटदूर म्हणत, फौजेला उत्तरेकडे नेण्याचं ठरलं. मार्च महिन्यात ती तिथूनच निघाली. पावसाळा आला तेव्हा ही माणसं चंबळ-यमुनेच्या मुलखात होती, आणि दसरा झाला तेव्हाही तिकडेच. १४ जानेवारी १७६१ ला, संक्रांतीच्या दिवसांत, पानिपत झालं. या वेळी फौजेबरोबर बायकाही होत्या आणि यात्रेकरूही होते. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई त्या कत्तलीतून परत आल्या, पण भाऊ गेले हे त्यांनी शेवटपर्यंत मानलं नाही. त्या पेशव्यांच्या घरच्या होत्या, म्हणून त्यांची आठवण राहिली. उदगीर-परतूरकडून गेलेल्या शिलेदारांच्या किती घरांत अशी वाट बघणं चाललं असेल, त्याचा कागद नाही.

इंग्रजांनी हेच काम कागदावर आणलं. १८८६ पासून त्यांनी हिंदी शिपायांचा राखीव साठा बांधायला सुरुवात केली. काही वर्षं नोकरी केलेल्या शिपायाला घरी पाठवायचं, महिन्याला थोडे रुपये द्यायचे आणि मधूनमधून कवायतीला बोलवायचं. ४ ऑगस्ट १९१४ ला इंग्लंड महायुद्धात उतरलं, तेव्हा असे सुमारे ३५ हजार राखीव शिपाई नावावर होते. आपल्याकडे श्रावण चालू होता, खुरपणीचे दिवस. खुरपी टाकून माणसं आपापल्या पलटणीत हजर झाली. मग साहेबांच्या ध्यानात आलं की यांतले कित्येक वयस्क झालेत, कित्येक आजारी आहेत, लढाईच्या कामाचे नाहीत. वर्षानुवर्षं ज्याच्याकडे कोणी बघितलं नाही, तो माणूस एका कागदाने पुन्हा जवान होत नाही. पहिल्या काही महिन्यांतच राखीव साठा पुरेनासा झाला आणि गावागावांत नवी भरती सुरू झाली.

मराठा पलटणींपैकी १०३, ११० आणि ११७ नंबरच्या पलटणी इराकमध्ये गेल्या. तिथे तैग्रीस नदीच्या काठी कूत नावाचं गाव आहे. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी त्याला वेढा घातला. जवळजवळ पाच महिने आतले लोक उपाशी राहिले. घोडे कापून खायची वेळ आली. पुष्कळ हिंदी शिपायांनी घोड्याचं मांस खायला नकार दिला. धर्माच्या जाणत्या मंडळींकडून परवानगी मागवावी लागली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार माणसं शरण गेली. त्यांना वाळवंटातून पायी हाकलत नेलं, आणि त्यात फार माणसं मेली. इकडे घरी पत्र यायचं बंद झालं. पत्र आलं तरी ते वाचायला मास्तराकडे नाहीतर पोस्टमनकडे जावं लागे. नवऱ्याचं पत्र चारचौघांत ऐकायचं, आणि उत्तरही चारचौघांत सांगायचं.

त्या महायुद्धात हिंदुस्थानातून १३ लाखांहून जास्त माणसं गेली आणि सुमारे ७४ हजार परतली नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या एका गावाने ४६ माणसं गमावली. त्या गावाचं नावच पुढे अपशिंगे मिलिटरी पडलं.

आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. इस्लापूर तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यात होतं. त्यामुळे इंग्रजांच्या मराठा पलटणींची भरती मुख्यतः कोकणात आणि सातारा-कोल्हापूरकडे झाली. निजामाचं घोडदळ मात्र सुएझला आणि पॅलेस्टाईनला गेलं होतं. दिल्लीत तीन मूर्ती चौकात घोडदळाच्या शिपायांचे तीन पुतळे आहेत. त्यांतला एक हैदराबादचा, बाकीचे दोन म्हैसूर आणि जोधपूरचे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय निवडला, तिच्याकडे येते. राखीव शिपायाला निदान कागदावर ठेवलेलं असतं. पण एका समाजाला सैन्यातून घरी बसवलं, युद्ध आलं की बोलावलं, आणि युद्ध संपलं की पुन्हा घरी बसवलं.

महार शिपाई मुंबई इलाख्याच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईच्या स्तंभावर त्यांची नावं कोरलेली आहेत. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते, आणि बाबासाहेबांचा जन्मही महूच्या छावणीतलाच. पण १८९० नंतर इंग्रजांनी लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असा भेद काढला आणि महारांची भरती बंद केली. पलटणीतली नोकरी म्हणजे नुसता पगार नव्हता. तिथे शाळा होती, अंगावर वर्दी होती, म्हातारपणी पेन्शन होती. गोपाळबाबा वलंगकर स्वतः सेवानिवृत्त फौजी. त्यांनी १८९४ साली या अन्यायावर अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट विलायतेच्या सरकारकडे मागणी केली. दार उघडलं नाही.

मग महायुद्धात माणसं कमी पडू लागली. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. काल जे लढाऊ नव्हते, ते आज लढाऊ झाले. लढाई संपली आणि १९२१ पर्यंत ती पलटण मोडली. गरज सरो, वैद्य मरो. वीस वर्षांनी दुसरं महायुद्ध आलं. १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर होते, त्यांनी हा प्रश्न लावून धरला, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. ती रेजिमेंट आजही आहे. या वेळी मोडू दिली नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली प्रादेशिक सेनेचा कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते सेनेचं उद्घाटन झालं. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत तिला बोलावलं होतं. बोलावणं येऊन गेलेल्या माणसाला त्याच्या मालकाने परत कामावर घ्यायचं, हे त्या कायद्यातच लिहिलेलं आहे. ही सेना बायकांसाठीही खुली आहे, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. दहावी-बारावीच्या पोरींना हे जरूर सांगा. आणि प्रत्येक बोलावणं लढाईचंच असतं असं नाही. २०१७ साली छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, महार रेजिमेंटशी जोडलेली १३६ नंबरची पर्यावरण पलटण उभी राहिली. तिच्यात निवृत्त फौजी आहेत. मराठवाड्याच्या उघड्या डोंगरांवर खड्डे खणून झाडं जगवायची, हे त्यांचं काम.

आता घरातल्या पत्र्याच्या पेटीबद्दल. स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं अनेक शिपायांची भरती ७ वर्षं नोकरी आणि ८ वर्षं राखीव अशा अटीवर होत होती. म्हणजे माणूस घरी येऊन शेती करत असला तरी ती ८ वर्षं त्याला केव्हाही बोलावता येई. त्या बदल्यात एकूण १५ वर्षं पुरी झाली की राखीव शिपायाची वेगळी पेन्शन, रिझर्व्हिस्ट पेन्शन, मिळण्याची तरतूद होती. "सातच वर्षं नोकरी झाली, पेन्शन कुठली?" असं म्हणून कोणी आशा सोडली असेल, तर सासऱ्याचं नाहीतर आजेसासऱ्याचं डिस्चार्ज बुक काढून बघा. त्यात किती वर्षं नोकरी आणि किती वर्षं राखीव, ते लिहिलेलं असतं. त्यांची पत्नी हयात असेल तर विचारणा लगेच करा.

ज्यांचे नवरे, मुलं आज सैन्यात आहेत, त्यांनी लग्नाची आणि लेकरांच्या जन्माची नोंद पलटणीच्या कागदात झाली का, हे रजेवर आल्याबरोबर विचारावं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. पत्र लिहिताना सैनिक नंबर आणि पीपीओ नंबर घालायचा. लिहिता येत नसेल तर नांदेडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं, तिथे अर्ज करता येतो. जुने नियम सांगून कोणी परत पाठवलं तर लगेच उठू नका. शौर्यपदक मिळालेल्या शिपायाच्या विधवेने दुसरं लग्न केलं तर पदकाबरोबरचा भत्ता बंद व्हायचा. दिराशी लग्न केलं तरच चालू राहायचा. कोणाशी संसार करायचा तेही सरकार ठरवणार! ती अट नोव्हेंबर २०१७ मध्ये काढून टाकली आहे.

डिस्चार्ज बुक पावसाळ्याच्या आत एकदा पेटीतून काढून बघा. वाळवी पहिल्यांदा कडेच्या पानांना लागते, आणि नंबर बहुधा पहिल्याच पानावर असतो.