चिखलदऱ्याच्या जमिनीचे मोल

घराची किंमत भिंतींपेक्षा जमिनीवरून ठरते, हे चिखलदऱ्याच्या इतिहासावरून आपणांस उमगते. १८५३ साली वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली आला. उन्हाळ्याने त्रासलेले साहेब सुमारे ११०० मीटर उंचीच्या या पठारावरील बंगल्यांत राहू लागले. आसपासच्या कोरकूंची कुडामातीची घरे मात्र कोणत्याच बाजारात नव्हती. ती विकण्यासाठी बांधलेलीच नव्हती.

१९७४ साली दोन गोष्टी घडल्या. मेळघाट व्याघ्रप्रकल्प घोषित झाला, आणि महसूल कायद्यातील दुरुस्तीने आदिवासींची जमीन शासकीय परवानगीविना बिगरआदिवासींस देण्यास मनाई झाली. २००८ साली चिखलदरा व शेजारच्या शहापूर, मोथा, आलाडोह, लवादा या गावांचे नियोजन सिडकोकडे आले. अमरावती, परतवाडा ही सपाटीवरील गावे चहूकडे पसरू शकतात. येथे एकीकडे दरी, दुसरीकडे राखीव जंगल. विकाऊ जागा थोडी, म्हणून पर्यटक वाढले की भाव चढतो.

कायद्यामुळे कोरकूस हा चढा भाव मिळत नाही, असा आक्षेप घेता येईल. आम्हांस तो अपुरा वाटतो. पैसा एका पिढीत सरतो. जमीन गेली, तर नातू आपल्याच गावात भाडेकरू होतो.